चार टक्क्यांचा आरसा

पाऊस ओसरू लागला, की उघड्यावर उभ्या असलेल्या चकचकीत काळ्या गाडीभोवती कधी कधी चतुर घिरट्या घालताना दिसतात. त्यांतली एखादी मादी बॉनेटवर खाली येते, शेपटीचं टोक पत्र्याला टेकवते, वर उडते, पुन्हा येऊन टेकवते. ती अंडी घालत असते. तळ्याच्या पाण्यावर घालायची अगदी तशीच. शेजारच्या पांढऱ्या गाडीकडे मात्र ती ढुंकूनही पाहत नाही.

या वेडाचं कारण हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. गाबोर होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा प्रश्नच असा होता : पाणकिड्यांना लाल आणि गडद गाड्या का भुलवतात? उत्तर प्रकाशाच्या कंपनांत सापडलं. सूर्यप्रकाशाच्या लाटा सगळ्या दिशांनी थरथरत असतात. सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावरून तो प्रकाश तिरका परावर्तित झाला, की आडवी थरथर टिकते आणि उभी बरीचशी गळून पडते. यालाच ध्रुवीकरण म्हणतात. आपल्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, पाणकिड्यांच्या डोळ्यांना कळतो. पाणी ओळखण्याची त्यांची खूण हीच आहे, आणि काळं बॉनेट ही खूण खुद्द तळ्यापेक्षाही ठसठशीत दाखवतं. लाल गाडी त्यांना फसवते, कारण त्यांची नजर ज्या निळ्या-अतिनील प्रकाशावर चालते त्यात लालही काळाच दिसतो. काळ्या थडग्यांवर झेपावणाऱ्या चतुरांवरही होर्वाथ यांच्या गटाने काम केलं आणि त्यासाठी त्यांना 2016 मध्ये भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळालं. आधी हसवणारं आणि मग विचारात पाडणारं संशोधन ज्यासाठी निवडलं जातं, तोच हा पुरस्कार.

गोष्ट इथे संपत नाही. ब्राझीलमधल्या रसायनशास्त्रज्ञांनी 2000 मध्ये दाखवून दिलं, की उन्हाने तापलेल्या पत्र्यावर चिकटलेली चतुराची अंडी गाडीचा रंग खातात. अंड्याचं कवच कडक होताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. त्याची गंधकयुक्त प्रथिनांशी गाठ पडली, की तीव्र आम्लं बनतात आणि वरच्या पारदर्शक थरावर बारीक व्रण उठतात. चूक किड्याची, डाग मालकाचा.

पण त्या किड्याच्या चुकीत एक सत्य दडलेलं आहे. आपण म्हणतो, गाडीचा रंग काळा आहे. प्रत्यक्षात काळ्या गाडीकडे पाहताना आपल्याला तिचा रंग दिसतच नाही. काळं रंगद्रव्य म्हणजे कार्बन ब्लॅक, दिव्याच्या काजळीच्याच कुळातलं : तेल अपुऱ्या हवेत जाळून मिळवलेले, मिलीमीटरच्या लाखाव्या भागाएवढे कण. जितके बारीक, तितका काळा रंग गडद आणि निळसर झाकेचा. त्यांच्यापर्यंत पोचलेला जवळजवळ सगळा प्रकाश ते गिळून टाकतात. मग दिसतं काय? रंगावरच्या पारदर्शक थराच्या पृष्ठभागावरूनच परत फिरलेला उजेड. अशा थरावर प्रकाश सरळ पडला, तर फक्त 4 टक्के परत येतो. हे चार टक्के म्हणजे काळ्या गाडीचं सगळं रूप. त्यात वरचं आकाश असतं, समोरची इमारत असते, पाहणाऱ्याचा चेहरा असतो. तिरक्या कोनातून पाहिलं, की हे प्रमाण झपाट्याने वाढतं. नजर अगदी आडवी, म्हणजे ऐंशी अंशांवर गेली, की सुमारे 40 टक्के उजेड परततो. लांब बॉनेटवर दूरची झाडं जवळच्या झाडांपेक्षा उजळ दिसतात ती यामुळेच.

पांढऱ्या गाडीवरूनही हेच चार टक्के परततात. पण खालच्या पांढऱ्या थरातून चहूकडे विखुरलेला प्रकाश इतका जास्त असतो, की त्या गर्दीत ते हरवून जातात. काळ्या गाडीला अशी गर्दी नाही. म्हणून ती आरशासारखी खोल वाटते, आणि म्हणूनच तिच्यावरचा केसभर चराही लपत नाही. तिच्या पृष्ठभागावर मायक्रॉनभर जे काही बिघडतं, ते थेट आपल्या डोळ्यांत येतं. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. इथून पुढची सगळी गोष्ट याच मापात मोजायची आहे.

आलिशान गाडीच्या पत्र्यावर रंग किती जाड असेल? अंदाज करायला सांगितलं, तर बहुतेक जण एक-दोन मिलीमीटर म्हणतील. खरा आकडा साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरच्या आठव्या भागाच्या आसपास. त्यातही चार थर असतात. सगळ्यात खालचा गंजरोधक थर द्यायची रीत विलक्षण आहे. गाडीचा अख्खा सांगाडा पाणी आणि रंगाच्या हौदात बुडवून त्यातून वीज सोडतात. विद्युतभार असलेले रंगाचे कण पत्र्याकडे धावतात आणि चिकटतात. जिथे थर बसला तिथे वीज अडते, मग कण अजून उघड्या असलेल्या जागेकडे वळतात. कुणी न सांगता रंग स्वतःच दाराच्या पोकळीतले, बिजागरीमागचे कोपरे शोधत जातो. 1960 च्या दशकात फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रूअर यांनी ही पद्धत प्रत्यक्षात आणली. आज जवळपास प्रत्येक मोटार या हौदातून जाते.

त्यावर प्रायमर येतो, त्यावर खरा काळा रंग. हा जेमतेम 15-20 मायक्रॉनचा. सगळ्यात वर पारदर्शक लॅकर, ज्याला डिटेलिंगवाले, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई आणि पॉलिश करणारे, 'क्लिअरकोट' म्हणतात. तो साधारण 40 मायक्रॉनचा. झळाळी, खोली, पावसाचा मारा, ऊन, पक्ष्यांची घाण, फडक्याची घासाघीस हे सगळं या चाळीस मायक्रॉनच्या अंगावर. अतिनील किरण शोषणारी द्रव्यंही त्यातच मिसळलेली असतात. हा थर झिजून पातळ झाला, की ऊन खालच्या रंगापर्यंत पोचतं. जुन्या गाड्यांच्या टपावर पांढरट पापुद्रे सुटलेले दिसतात, ते या थराचे अखेरचे दिवस.

महागड्या गाड्यांमध्ये या थरावर किती जीव ओततात, ते ऐकण्यासारखं आहे. रोल्स-रॉइसने 2021 मध्ये ब्लॅक बॅज घोस्ट आणली, तेव्हा तिच्या काळ्या रंगाची कृतीही सांगितली : विद्युतभारित सांगाड्यावर 45 किलो रंगाचा फवारा, भट्टीत वाळवण, लॅकरचे दोन थर आणि मग चार कारागिरांकडून तीन ते पाच तास हाताने पॉलिश. मर्सिडीज-बेंझने 2003 च्या अखेरीस लॅकरमध्येच सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मिसळले. भट्टीच्या उष्णतेत ते पृष्ठभागाशी दाट जाळं विणतात आणि बारीक चऱ्यांना अडवतात. 2005 मध्ये निसानने असा लॅकर जाहीर केला, की त्यावरचे हलके चरे काही दिवसांत आपोआप पुसट होत जातात.

गंमत अशी, की मोटारींच्या बाल्यावस्थेत काळा हा सगळ्यात बिनकटकटीचा रंग होता. फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची. डांबरासारख्या खनिजापासून बनवलेलं ते काळं रोगण भट्टीत लवकर वाळायचं, टिकायचं आणि स्वस्त पडायचं. त्यानंतरही कित्येक दशकं रंगावर पारदर्शक थर नसायचा. अशी गाडी पॉलिश केली, की फडकं काळं व्हायचं, कारण रंगच घासला जात होता. 1980 च्या दशकात लॅकरचा थर सर्रास आला आणि फडकं स्वच्छ राहू लागलं. झीज तेव्हाही होत होती, आताही होते. आता ती दिसत नाही, एवढंच.

आता अशा गाडीवर दिसणाऱ्या गोल चऱ्यांकडे येऊ. रात्री काळ्या गाडीच्या दारावर मोबाइलचा टॉर्च धरा. उजेडाच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी असंख्य बारीक वर्तुळं दिसतील. डिटेलिंगच्या धंद्यात त्यांना 'स्वर्ल मार्क' म्हणतात. पाहणाऱ्याला वाटतं, कुणीतरी गोल-गोल फडकं फिरवल्याचे हे व्रण. आता टॉर्च बाजूला न्या. वर्तुळंही बरोबर सरकतात! पत्र्यावरचे चरे तर जागचे हलू शकत नाहीत, मग हे काय?

खरं म्हणजे दारावर वर्तुळं नाहीतच. तिथे आहेत हजारो सरळ, वेड्यावाकड्या, सगळ्या दिशांना गेलेल्या रेघा. प्रत्येक रेघ उजेड विखुरते, पण फक्त स्वतःला काटकोनात असलेल्या दिशेने. त्यामुळे डोळ्यापर्यंत चमक पोचते ती दिव्याच्या प्रतिबिंबाला वळसा घालणाऱ्या रेघांचीच. प्रतिबिंबाकडे रोख असलेल्या रेघा तिथेच असतात, पण अंधारात राहतात. डोळा उरलेल्या तुकड्यांची वर्तुळं जोडतो. दिवा हलला, की रेघांची दुसरी तुकडी उजळते. स्टीलच्या जुन्या ताटात उन्हाचं प्रतिबिंब पाहिलं, तर हाच खेळ दिसतो.

याच कारणाने काळ्या गाडीचं रूप ऋतूंप्रमाणे बदलतं. जुलैत ढगांनी भरलेलं अख्खं आकाश हाच दिवा असतो. उजेड सगळीकडून येतो, रेघांची चमक त्यात बुडून जाते आणि गाडी नवीकोरी दिसते. ऑक्टोबरचं ऊन पडलं, की सूर्य हा एकच टोकदार दिवा उरतो आणि वर्षभराचा सगळा हिशेब दारावर उमटतो. जुनी काळी गाडी विकत घ्यायची असेल, तर ढगाळ दिवशी किंवा ट्यूबलाइटखाली पाहू नये, ती भर उन्हात पाहावी.

या रेघा ओढतं कोण? धूळ. महाराष्ट्राच्या पठारावर ही धूळ बव्हंशी बेसॉल्ट दगडाची. बांधकामाची खडी, क्रशरची भुकटी, रस्त्याच्या कडेचा मुरूम सगळं त्याच काळ्या कातळातून आलेलं. त्यातल्या फेल्डस्पार खनिजाचा कठीणपणा दहाच्या मोजपट्टीवर सहा, म्हणजे साध्या चाकूच्या पात्यापेक्षाही थोडा जास्त. त्याच्यापुढे लॅकर अगदी मऊ. सकाळी सोसायटीत गाडी पुसायला येणारा मुलगा एका बादलीत आणि एका फडक्यावर दहा गाड्या उरकतो, तेव्हा पहिल्या गाडीची भुकटी दहाव्या गाडीवर फिरते. दोष त्याचा नाही. वाळलेली धूळ पाणी न मारता झटकन पुसून दे, असं सांगणारे आपणच असतो. ऑफिसला निघताना कोरड्या फडक्याने किंवा झटकणीने मारलेला एक हात शेकडो रेघा ओढून जातो. दसऱ्याला बॉनेटवर ओल्या बोटाने काढलेलं स्वस्तिक खुशाल असू द्यावं. दुसऱ्या दिवशी ते वाळलेलं कुंकू खरवडून पुसू नये, भरपूर पाण्याने सोडवून काढावं. झेंडूच्या हाराची तार मात्र पत्र्याला लागू देऊ नये.

म्हणूनच रंग पूर्ववत करायचं काम पॉलिशने सुरू होत नाही, धुण्याने सुरू होतं. आधी फेस मारून धूळ सैल करतात आणि हात न लावता पाण्याच्या झोताने घालवतात. मग दोन बादल्या. एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. मऊ मिट, म्हणजे धुण्याचा हातमोजा, गाडीवर फिरवायचं, दुसऱ्या बादलीत खळबळून माती सोडायची आणि मगच पुन्हा शाम्पूत बुडवायचं. सगळी विद्या माती परत गाडीवर जाऊ न देण्याची.

पुढची पायरी जादूच्या प्रयोगासारखी. धुतलेल्या गाडीवर पारदर्शक द्रव फवारतात. दोन-चार मिनिटांत काळ्या दारावरून जांभळे ओघळ वाहायला लागतात. ब्रेक लावताना चाकांतून उडालेले, रेल्वेमार्गाजवळ हवेतून आलेले लोखंडाचे बारीक कण लॅकरमध्ये रुतून गंजत असतात. द्रवातलं थायोग्लायकोलेट त्यांना धरून सोडवतं आणि लोखंडाशी जुळताना जांभळं होतं. त्याचा उग्र दर्प ओळखीचा वाटला, तर नवल नाही. केस कुरळे करायच्या आणि नको असलेले केस काढायच्या उत्पादनांत हेच द्रव्यकुळ वापरतात.

त्यानंतरही तळहाताला पृष्ठभाग खरबरीत लागतो. डांबराचे ठिपके, झाडाचा चीक, रंगाचे तुषार. ते काढायला 'क्ले बार' असतो : लवचीक प्लास्टिकच्या लगद्यात अतिबारीक अपघर्षक मळलेली वडी. जपानच्या तादाओ कादाते यांनी ती घडवली आणि 1990 च्या दशकात तिला अमेरिकी पेटंट मिळालं. निसरडं पाणी मारून ती हलकेच फिरवली, की वर आलेलं सगळं ती उचलून घेते. ती जमिनीवर पडली, तर सरळ फेकून द्यायची. चिकटलेली मातीच पुढच्या रेघा ओढते.

आता गाडी स्वच्छ आहे आणि तिचे सगळे दोष उघडे पडले आहेत. इथे चांगला कारागीर मशीन हातात घेत नाही, तर थरमापक घेतो. हे खिशात मावणारं यंत्र पोलादी पत्र्यावर चुंबकत्वाने आणि अ‍ॅल्युमिनियमवर विद्युतभोवऱ्यांनी रंगाची जाडी मोजतं. अनेक महागड्या गाड्यांचे सांगाडे अ‍ॅल्युमिनियमचे असतात, तिथे नुसतं चुंबकीय यंत्र काही कामाचं नाही. आकडा 120 आला, तर रंग कारखान्यातला असावा. 300 आला, तर तो भाग पुन्हा रंगवलेला. हजाराच्या वर गेला, तर खाली लांबी भरलेली आहे, म्हणजे तिथे कधीतरी जोराचा ठोका बसलेला आहे. जुन्या गाडीचा इतिहास विक्रेत्यापेक्षा हे यंत्र अधिक प्रामाणिकपणे सांगतं.

आकड्यांची एवढी काळजी का? कारण चरा 'घालवणं' म्हणजे काय, याबद्दल आपली समजूत उलटी असते. आपल्याला वाटतं, पॉलिश चऱ्यात भरलं जातं किंवा लॅकर वितळून एकसारखं होतं. तसं काही होत नाही. चरा तिथेच राहतो. त्याच्या भोवतीचा सगळा पृष्ठभाग चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. पॉलिशमध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण असतात. ते लॅकरपेक्षा कितीतरी कठीण. त्यांच्या पहिल्या फेऱ्या खोल चऱ्यांच्या कडा उतरवतात, मग अधिक बारीक कणांचं पॉलिश त्या फेऱ्यांच्या खुणा पुसतं. शेवटी ओढलेल्या रेघा इतक्या सूक्ष्म होतात, की उजेड विखुरण्याची त्यांची ताकद संपते. पृष्ठभाग निर्दोष झालेला नसतो, त्याचे दोष डोळ्यांच्या आवाक्याबाहेर गेलेले असतात.

आपल्याकडच्या जुन्या 'रबिंग-पॉलिश'मध्ये एकाच अक्षावर गरगर फिरणारं मशीन असायचं. ते वेगाने कापतं, पण प्रत्येक ठिकाणी त्याच वळणाच्या रेघा सोडतं. त्यामुळे उन्हात काळ्या गाडीवर ढगांसारख्या हलणाऱ्या सावल्या दिसतात. धंद्यात त्यांना 'होलोग्राम' म्हणतात. आताचं दुहेरी गतीचं मशीन पॅड फिरवतं आणि त्याच वेळी त्या फिरणाऱ्या पॅडला छोट्या कक्षेत घुमवतं. कुठलाही कण सहसा आधीच्याच वाटेने जात नाही, त्यामुळे रेघा एका दिशेला लागत नाहीत. काम झाल्यावर अल्कोहोलमिश्रित पाण्याने पुसून पाहतात, कारण पॉलिशमधलं तेल चऱ्यांत बसून खोटी झळाळी देतं. पुसल्यावरही आरसा टिकला, तरच तो खरा.

अशा एका फेरीत एक-दोन मायक्रॉन जातात, जोरकस कामात चार. ऐकायला नगण्य. पण एकूण भांडवल चाळीस, आणि उन्हापासून राखण करायला त्यातलं बहुतेक शिल्लक राहायला हवं. जपून काम करणारे म्हणतात, गाडीच्या अख्ख्या आयुष्यात मिळून आठ-दहा मायक्रॉनच्या पुढे जाऊ नये. पत्र्याच्या धारेवर आणि वळणांवर रंग आधीच पातळ असतो, म्हणून तिथे कागदी टेप लावतात. नख अडकेल इतका खोल चरा असेल, तर तो पूर्ण घालवायचा हट्टच धरत नाहीत. त्याच्या कडा मऊ करतात, म्हणजे तो दोन हातांवरून दिसेनासा होतो.

पुन्हा रंगवून घेता येत नाही का? येतं. पण कारखान्यात सांगाडा उघडा असतो आणि लॅकर 140 अंशांच्या आसपास भाजला जातो. तयार गाडीत वायरी, प्लास्टिक, काचा, गाद्या असतात, म्हणून गॅरेजमधली भट्टी साधारण 60 अंशांवर थांबते. तिथला रंगही उत्तम होऊ शकतो, पण तो दुसरा रंग असतो. कारखान्यातले ते पहिले चाळीस मायक्रॉन कुठल्याही किमतीला परत मिळत नाहीत.

मग राखायचं कसं? उत्तर एकच आहे, फक्त त्याची रूपं निराळी : लॅकरऐवजी झिजायला दुसरं काहीतरी वर ठेवायचं.

सगळ्यात जुनं रूप मेणाचं. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या प्रदेशात कार्नोबा नावाचा ताड वाढतो. कडक उन्हात पाणी उडून जाऊ नये, म्हणून त्याच्या पानांवर मेणाचा थर जमतो. पानं वाळवून, झोडपून तो गोळा करतात. वनस्पतीजन्य मेणांमध्ये हे सर्वांत कठीण मेणांपैकी एक, 80 अंशांच्या पुढेच वितळणारं. गोळ्या-चॉकलेटांवरची चकाकीही बऱ्याचदा याचीच. झाडाने स्वतःच्या पानासाठी केलेली सोय काळ्या बॉनेटवर काही आठवडे, फार तर काही महिने टिकते. नंतर मेण पुन्हा लावायचं.

दुसरं रूप सध्या गल्लोगल्ली फलक लागलेल्या सिरॅमिक कोटिंगचं. सिलिकाच्या कुळातला हा द्रव लावला, की हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून तो काचेसारखं जाळं बनवतो. जाडी एखाद्या मायक्रॉनची. पाणी त्यावर पसरत नाही, मण्यांसारखं गोळा होऊन घरंगळतं आणि जाताना धूळही नेतं. रसायनांना, पक्ष्यांच्या घाणीला ते लॅकरपेक्षा जास्त वेळ दाद देत नाही. जाहिरातीतल्या '9एच' या कठीणपणाचं मात्र हसू येतं. लोक ते दहाच्या मोजपट्टीवरचं, हिऱ्याजवळचं नऊ समजतात. प्रत्यक्षात ती पेन्सिलची चाचणी आहे : ठरावीक वजनाने 45 अंशांच्या कोनात पेन्सिल सरकवायची आणि चरा उठतो का ते पाहायचं. 9एच म्हणजे त्या संचातली सर्वांत कठीण पेन्सिल. पेन्सिलला जो दाद देत नाही, तो बेसॉल्टच्या भुकटीलाही देणार नाही, अशी हमी त्यात कुठेच नाही.

तिसरं रूप पीपीएफ, म्हणजे पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूपासून वाचवायला लावलेल्या पट्ट्यांपासून तिची वाटचाल सुरू झाली. ही 150 ते 200 मायक्रॉनची, म्हणजे खालच्या सगळ्या रंगापेक्षाही जाड. ट्रकच्या चाकातून उडालेला खडा अडवायची ताकद या तिन्हींत फक्त हिच्यात. हिच्यावर हलके चरे पडले आणि गाडी उन्हात उभी राहिली किंवा वर गरम पाणी ओतलं, की ताणलेले रेणू मूळ जागी परतून चरे भरून येतात. किंमत मात्र तशीच मोठी.

काळ्या गाडीला रोज जपायचं ते उन्हापासून. चार टक्के उजेड परत गेला, उरलेल्या 96 टक्क्यांची उष्णता होते. अमेरिकेत बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने एक काळी आणि एक चंदेरी होंडा सिव्हिक उन्हात शेजारी-शेजारी ठेवून मोजलं, तेव्हा चंदेरी गाडीच्या आतली हवा पाच-सहा अंशांनी थंड निघाली. तापलेल्या पत्र्यावर प्रत्येक गोष्ट जास्त वेगाने बिघडते. कबुतराची घाण आम्लाने चावते, आणि तापून फुगलेला लॅकर थंड होताना वाळलेल्या घाणीच्या साच्याभोवती आकसून कायमचा सुरकुततो. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचा थेंब वाळला, की क्षारांचं कडं मागे राहतं. तळघरातल्या पार्किंगमध्ये स्लॅबमधून ठिबकणारं चुनखडीचं पाणी तर आणखी वाईट. सुंदर मण्यांसारखं उभं राहणारं सिरॅमिकवरचं पाणीही उन्हात तसंच सोडलं, तर प्रत्येक मणी आपला डाग सोडून जातो. म्हणून धुतलेली काळी गाडी सावलीत, लगेच, मऊ टॉवेलने टिपून घ्यायची. पुसायची नाही, टिपायची.

आणि गाडी डिटेलिंगला टाकायची वेळ आली, तर झळाळीचे फोटो पाहून भुलू नये. फोटोत चमक कुणालाही आणता येते. दोनच प्रश्न विचारावेत : काम सुरू करण्याआधी प्रत्येक भागावरची जाडी मोजून लिहून देणार का, आणि काम झाल्यावर पुन्हा मोजून दाखवणार का? जो वही काढून आकडे मांडतो, आणि एखाद्या खोल चऱ्यावर बोट ठेवून 'हा राहू द्या' असं सांगतो, त्याच्या हातात खुशाल किल्ली द्यावी.